नाइट ड्युटी, नळाचं पाणी आणि बाईची झोप

नमस्कार श्रोतेहो.

झोप पुरते का, असं सोलापुरातल्या कुठल्याही कष्टकरी बाईला विचारा. “सवय झालीय आता,” हे उत्तर ठरलेलं. नाइट संपवून घरी निघालेली सिस्टर हेच म्हणते. हजार विड्या पुऱ्या करायच्या म्हणून पहाटे चारला सूप मांडीवर घेणारी मावशी हेच म्हणते. सासऱ्यांच्या आजारपणात रात्रभर कान त्यांच्या खोकल्याकडे लावून पडलेली सूनही हेच म्हणते. मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. दुसऱ्या वर्षाच्या मुलीसुद्धा हे इतक्या सहज बोलून जातात की मला काळजी वाटते. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे, कारण शरीराला कमी झोपेची सवय होते का, हे संशोधकांनी नीट तपासून पाहिलंय आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असं आलंय.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हान्स व्हॅन डाँगन, डेव्हिड डिंजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. ४८ धडधाकट, तरुण माणसं त्यांनी घेतली. काहींना रोज रात्री आठ तास अंथरुणात राहू दिलं, काहींना सहा, काहींना चार. असं सलग १४ दिवस. आणखी एका गटाला तीन रात्री अजिबात झोपू दिलं नाही. चाचणी अगदी साधी होती. पडद्यावर आकडा दिसला की लगेच बटण दाबायचं, बस्स. आठ तासवाल्यांचं ठीक चाललं. सहा आणि चार तासवाल्यांच्या चुका मात्र दिवसागणिक वाढत गेल्या, आणि दोन आठवड्यांनी त्यांची अवस्था एक-दोन रात्री सलग जागलेल्या माणसासारखी झाली.

यातली खरी दखल घेण्याजोगी गोष्ट पुढे आहे. त्या माणसांना रोज विचारत होते, झोप येतेय का, किती येतेय? पहिले काही दिवस त्यांनी “हो, येतेय” असं सांगितलं. नंतर ती तक्रार वाढायची जवळजवळ थांबली. चुका वाढतच होत्या, पण त्यांना स्वतःला ते जाणवत नव्हतं. म्हणजे सवय होते ती थकवा न जाणवण्याची. मेंदू दमतो तो दमतोच. एखादी बाई मनापासून सांगते की मला काही होत नाही, तेव्हा ती खोटं बोलत नसते. तिला खरोखरच कळत नसतं.

आता झोप येते कशी, ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं लक्षात येईल. १९८२ साली अलेक्झांडर बोरबेली या शास्त्रज्ञाने मांडलं की झोपेमागे दोन यंत्रणा काम करतात. एक म्हणजे जागेपणाचं साठत जाणारं ओझं. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोप येऊ लागते. चहा-कॉफीतलं कॅफीन या अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी वाटते. ओझं मात्र तसंच राहतं, चहा उतरला की ते पुन्हा जाणवतं. दुसरी यंत्रणा मेंदूतल्या घड्याळाची. हे घड्याळ आपलं आपण चालतं, पण डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाने ते रोज जुळवलं जातं. अंधार पडला की मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक स्रवायला लागतं, शरीराचं तापमान किंचित उतरतं आणि शरीर झोपेची तयारी करतं. सकाळी हेच सगळं उलट दिशेने होतं.

म्हणूनच नाइट करणाऱ्या सिस्टरची झोप दोन्हीकडून मार खाते. ती सकाळी पुढच्या पाळीच्या सिस्टरला ओव्हर देऊन घरी येते तेव्हा नऊ वाजत आलेले असतात. ओझं भरपूर साठलेलं असतं, पण घड्याळ म्हणतं, दिवस उजाडलाय, ऊठ. शिवाय आल्या आल्या ती आडवी होते कुठे? मुलाचा डबा राहिलेला असतो, ओटा आवरायचा असतो, धुणं असतं. साडेअकराला पाठ टेकते, तर शेजारच्या यंत्रमागाची खटखट सुरू असते. पूर्व भागात राहणाऱ्यांना ती वेगळी सांगायला नको. एप्रिल-मे असेल तर बाहेर चाळीस-बेचाळीस अंश, पत्र्याखालची खोली तापलेली. झोप लागायला शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि इथे पंखासुद्धा गरम वारा फेकत असतो. तीन-साडेतीन तासांत ती उठून बसते आणि घरातले म्हणतात, “दिवसभर झोपलीच होती की!”

हे वाक्य घरोघर थांबायला हवं, असं मला मनापासून वाटतं. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा कमी आणि उथळ असते. ते शरीराच्या घड्याळामुळे होतं, आळसामुळे नाही. वर्षानुवर्षं असं चालणं निरुपद्रवीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीचं काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलं आहे. आधी २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये. घाबरून नोकरी सोडा असा याचा अर्थ नाही. नाइटनंतरच्या झोपेला घराने औषधाइतकं महत्त्व द्यावं, एवढं तर म्हणता येईल.

नाइट न करणाऱ्या बाईची झोपही सलग नसतेच. आपल्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि पुष्कळ भागांत ते अवेळी येतं. रात्री दीडला पाणी आलं तर कोण उठतं? भांडी कोण भरतं, मोटर कोण लावतं? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची २८९ मिनिटं त्यात जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांची ८८. रोजचा तीन तासांहून जास्त फरक. हे तास दिवसात कुठून येणार? बऱ्याचदा ते झोपेतूनच काढले जातात. विडीकाम करणाऱ्या घरी तर कामाला वेळच नसते. पानं भिजवून ठेवायची, सकाळी कापायची, दिवसभर वळायच्या, विडी कंपनीच्या ब्रँचमध्ये माल पोचवायचा. मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते, म्हणून हाताने थांबायचं नाही. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर नगरात दहा हजार घरं विडी कामगार बायकांसाठी उभी राहिली. डोक्यावर छप्पर आलं, ही केवढी मोठी गोष्ट! त्या छपराखाली सलग सहा-सात तास पाठ टेकता यावी, एवढंच आता बाकी आहे.

बायकांमध्ये निद्रानाशाचं प्रमाण पुरुषांपेक्षा साधारण चाळीस टक्क्यांनी जास्त असतं, असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं आहे. गरोदरपण, बाळंतपण, पाळी जाण्याचा काळ, या प्रत्येक टप्प्यावर झोप बिघडते. पण एका कारणाकडे आपण फार दुर्लक्ष करतो. रात्री पडलं की पायांत विचित्र वळवळल्यासारखं होतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, चाललं की बरं वाटतं. अशी तक्रार असेल तर ते “मनाचे खेळ” नव्हेत. पायांची ही अस्वस्थता पुष्कळदा शरीरातलं लोह कमी झाल्याने होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. तेव्हा झोपेची गोळी मागण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. जमलं तर थायरॉइडही.

झोपेच्या जोडीला ताणही असतो, आणि तो ‘डोक्यात’ असतो असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. १९९५ साली जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक छोटा अभ्यास छापला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची घरी सेवा करणाऱ्या बायका एकीकडे, आणि तशाच वयाच्या पण ती जबाबदारी नसलेल्या बायका दुसरीकडे. सगळ्यांच्या हातावर सारख्याच आकाराची बारीकशी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सुमारे नऊ दिवस जास्त लागले. अभ्यास लहान होता, पण ताण कातडीपर्यंत पोचतो हे त्याने डोळ्यांना दाखवलं.

आता दवाखान्यांकडे वळते. जगभरच्या आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश बायका आहेत, म्हणजे बायकांची झोप आणि दवाखान्यातलं काम हे दोन विषय मुळात वेगळे नाहीत. करोनाच्या सुरुवातीला चीनमधल्या ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ डॉक्टर-नर्सेसना प्रश्न विचारले, तेव्हा निम्म्या लोकांमध्ये नैराश्याची लक्षणं आणि ३४ टक्क्यांमध्ये निद्रानाश दिसला. बायका, नर्सेस आणि थेट रुग्णांजवळ काम करणारे यांच्यात ही लक्षणं अधिक तीव्र होती. आपल्या आशाताई तेव्हा रजिस्टर घेऊन दारोदार फिरत होत्या, लोकांचं बोलणं खात होत्या. त्यांना २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गौरवलं, त्याचा मला अभिमान आहे. पण त्या दिवसांनंतर त्यांच्या झोपेची विचारपूस किती जणांनी केली?

क्रिस्टिना मॅस्लॅक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ साली कामाने पिचून जाण्याचं मोजमाप तयार केलं. त्यात तीन गोष्टी पाहतात. माणूस आतून रिकामं होतं, समोरच्याबद्दल कोरडं होतं, आणि आपल्या कामात काही राम नाही असं त्याला वाटू लागतं. दुसरी गोष्ट मी वॉर्डात घडताना पाहिली आहे. पहिल्या वर्षी पेशंटच्या नातवाचं नावही लक्षात ठेवणारी मुलगी काही वर्षांनी म्हणते, “आठ नंबरला सलाईन लावा.” नातेवाईक तिला उद्धट म्हणतात. ती उद्धट नसते, तिच्यात द्यायला काही उरलेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या पिचण्याची नोंद करताना त्याला आजार म्हटलं नाही, कामाशी जोडलेली स्थिती म्हटलं. मला हे फार योग्य वाटतं. आजार म्हटलं की बाईला औषध द्यायचं आणि ड्युटीचा तक्ता तसाच ठेवायचा, असं होतं.

त्या तक्त्यावर रुग्णाचंही भलं-बुरं अवलंबून आहे. बॉस्टनमध्ये २००४ साली अतिदक्षता विभागातल्या शिकाऊ डॉक्टरांचा अभ्यास झाला. चोवीस तासांहून लांब पाळ्यांच्या जुन्या वेळापत्रकात काम करणाऱ्यांकडून, पाळ्या कमी केलेल्यांपेक्षा ३६ टक्के जास्त गंभीर चुका झाल्या. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनच्या आघाडीवर दिवसरात्र शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. त्यांच्यापुढे आपण हात जोडतो ते योग्यच आहे. पण ते युद्ध होतं. दर आठवड्याला लागणारा वॉर्डाचा तक्ता युद्धासारखा लावणं, ही कोटणीसांना मानवंदना नव्हे.

इनचार्ज सिस्टर आणि मेट्रन ऐकत असतील तर त्यांना दोन विनंत्या. पाळ्या मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट अशा पुढे सरकवा. शरीराचं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं, म्हणून उशिरा झोपणं त्याला लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं. आणि इव्हिनिंग उशिरा संपवून दुसऱ्याच दिवशी मॉर्निंगला बोलावणं टाळा. मध्ये झोपायला वेळच उरत नाही. नाइटमध्ये आळीपाळीने वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी घेऊ दिली तर काम सुधारतं, याला चांगला पुरावा आहे. ती चोरून घ्यावी लागू नये.

नाइट करणाऱ्या भगिनींनो, ड्युटीला निघण्याआधी दुपारी-संध्याकाळी तासभर झोपा. शेवटचा चहा नाइटच्या पहिल्या अर्ध्यात घ्या, कारण कॅफीन अर्धं उतरायलाच सुमारे पाच तास लागतात. सकाळी डोळे मिटत असतील तर स्कूटी दवाखान्यातच ठेवा आणि रिक्षाने या. घरी खिडकीवर जाड सोलापुरी चादर लावून अंधार करा, आणि आधी झोपा. ओटा थांबतो. पाण्याच्या रात्री घरात वाटून घ्या. एक पाळी नवऱ्याची, एक मुलाची. मुलगा बारा वर्षांचा असेल तर बादली भरू शकतो.

अंथरुणात तासन्‌तास तळमळत पडण्याने झोप आणखी रुसते. अर्धा तास झोप आली नाही तर उठायचं, मंद उजेडात बसायचं, पेंग आली की परत पडायचं. एका खोलीच्या घरात दुसऱ्या खोलीत जा म्हणून कसं सांगू? अंथरुण सोडून भिंतीला टेकून बसलात तरी चालेल. जुन्या निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून डॉक्टरांच्या संघटना आता गोळीऐवजी अशी सवयींवर काम करणारी उपचारपद्धतीच सुचवतात. दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या हाताशी गोळ्या असतात, म्हणून त्यांना मुद्दाम सांगते, स्वतःच्या मनाने त्या सुरू करू नका.

आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. नंबर आहे १४४१६. पुन्हा सांगते, एक-चार-चार-एक-सहा. फोन मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं. रात्री अडीचला, नाइट ड्युटीच्या मधल्या वेळातसुद्धा लावता येतो.

नमस्कार.