रात्रपाळीनंतरचं गाणं

(दृश्य: रात्रीचा आयसीयू. मॉनिटरवर सरकणारी रेघ.)

आयसीयूमध्ये रात्र झाली तरी शांतता होत नाही. व्हेंटिलेटर चालू असतो, औषधाचा पंप वाजतो, मॉनिटर ओरडतो. एका बेडचा अलार्म बंद करावा तर पलीकडचा सुरू. यातले कितीतरी अलार्म खोटे निघतात. पेशंटने हात हलवलेला असतो, रक्तातला ऑक्सिजन मोजणारा बोटावरचा प्रोब सरकलेला असतो. सिस्टर तो नीट बसवते, आकडा वर येईपर्यंत थांबते, मग पुढे जाते. पण अलार्म खोटा होता हे कळेपर्यंत तिच्या छातीत धडधड झालेलीच असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वॉर्डमधला रात्रीचा आवाज ३० डेसिबलच्या आसपास असावा. प्रत्यक्षात तो कितीतरी जास्त असतो.

अशा रात्रीनंतर घरी जाऊन अंथरुणावर पडलं, तरी अंग सैल पडत नाही. संगीताचा उपयोग इथे आहे, आणि तो निव्वळ मनाचा खेळ नाही. १०४ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. संगीतामुळे मनावरचा ताण हलका होतोच, शिवाय हृदयाची गती, रक्तदाब अशा शारीरिक खुणांतही फरक दिसतो, असं त्यातून समोर आलं.

(दृश्य: ऑपरेशन थिएटर. हात धुणारे सर्जन.)

थिएटरमधलं संगीत ही आजची टूम नव्हे. अमेरिकी सर्जन एव्हन केन यांनी १९१४ मध्येच तिथे गाणी वाजवणारा फोनोग्राफ ठेवला होता, रुग्णाची भीती कमी व्हावी म्हणून. कर्मचाऱ्यांचा विचार बराच नंतर आला. १९९४ मध्ये ५० सर्जनना प्रयोगशाळेत अवघड वजाबाक्या करायला लावल्या. स्वतः निवडलेलं संगीत चालू असताना त्यांचा शारीरिक ताण सर्वांत कमी होता आणि उत्तरंही जास्त बरोबर आली. दुसऱ्याने निवडलेल्या संगीताला ती सर येईना. अर्थात, हे सर्जन मुळातच गाणी ऐकत ऑपरेशन करणारे होते.

मात्र सर्जनच्या आवडीचं गाणं बाकीच्या टीमला ऐकावंच लागतं. ब्रिटनमध्ये २० शस्त्रक्रियांचं चित्रीकरण तपासलं, तेव्हा संगीत चालू असताना एकच सूचना पुन्हा सांगावी लागण्याची शक्यता पाचपट दिसली. २०१५ चा हा अभ्यास. उपकरण मागितलेलं ऐकूच आलं नाही, तर तो ताण नर्सच्या माथी. म्हणून मला वाटतं, थिएटरमध्ये आवाज कमी करायला सांगण्याचा हक्क प्रत्येकाला हवा, अगदी नवख्या नर्सलाही.

संगीताची खरी जागा आहे ब्रेकमध्ये आणि ड्युटी संपल्यावर. लय संथ असेल तर उत्तम, कारण श्वास आणि ठोके लयीमागे जातात. इटलीतले संशोधक लुचियानो बर्नार्डी यांच्या २००६ च्या प्रयोगात द्रुत लयीने दोन्ही वाढले. त्याच प्रयोगात संगीताच्या मध्ये दोन मिनिटांची शांतता ठेवली होती. तेवढ्यात रक्तदाब आणि हृदयगती सुरुवातीपेक्षाही खाली आली. तेव्हा गाणं संपलं की लगेच फोन हातात घेऊ नका. थोडा वेळ तसंच बसा.

(दृश्य: ड्युटीचा तक्ता.)

पण बसायचं कुठे आणि कधी? कामाचा बोजा आणि अपुरं मनुष्यबळ यांवर गाणं हा इलाज नाही, आणि रुग्णालयांनी तो तसा पुढे करूही नये. ज्या खोलीत अलार्म ऐकू येत नाही अशी एक खोली द्या. ड्युटीच्या तक्त्यात ब्रेकची वेळ लिहा, आणि तेवढा वेळ त्या नर्सचे बेड कोण बघणार, त्याचं नावही शेजारी लिहा.