भाजली कातडी, धरलं कोपर

(पहाट. द्राक्षबाग. मांडवाखाली साचलेला धूर.)

निफाडकडे जानेवारीत पारा घसरला की बागा पहाटे तीनलाच जाग्या होतात. थंडीनं मणी तडकतात. म्हणून ओळींमध्ये शेकोट्या पेटवायच्या आणि धूर मांडवाखाली कोंडून ठेवायचा. दोन हिवाळ्यांमागे अशाच एका शेकोटीपाशी वाकलेल्या बाईंच्या नायलॉनच्या साडीनं पेट घेतला. त्यांचं नाव या फिल्ममध्ये नाही आणि चेहराही नाही, कारण त्यांची तशी अट होती. आपण त्यांना ताई म्हणू. कॅमेऱ्यासमोर आहे तो फक्त त्यांचा उजवा हात.

(ताट. भाकरीचा तुकडा. हात वर येतो आणि थांबतो.)

बोटं तोंडाच्या वीतभर अलीकडे अडली. मग मान पुढं आली आणि घास घेऊन गेली. ताईंना आता हे इतकं सवयीचं झालंय की आम्ही विचारेपर्यंत त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

भाजलं होतं छातीवर, पाठीवर आणि दंडावर. अंगाचा तिसरा हिस्सा. काही दिवस व्हेंटिलेटर, नंतर मांडीची कातडी काढून दंडाला लावली. जखमा भरल्या, ताई नाशिकहून घरी आल्या. आणि तिसऱ्या महिन्यात कोपर दुखायला लागलं. आधी वेणी घालता येईना, मग पदर खांद्यावर घेता येईना. शेजारणींनी निदान केलं, 'कॅल्शियम साचलंय, दूध बंद कर.' ताईंनी दूध, दही, नाचणी, सगळं बंद केलं. दुधाचा इथं काही संबंध नाही. उलट भाजलेल्या शरीराला खाणं जास्तच लागतं.

(एक्स-रे. कोपराच्या मागच्या बाजूला पांढरा पट्टा.)

हा पट्टा म्हणजे हाड आहे. साचलेला चुना नाही, खरंखुरं, रक्तवाहिन्या असलेलं हाड. फक्त जिथं स्नायू आणि चरबी असायला हवी तिथं उगवलेलं. पुस्तकात याला हेटेरोटॉपिक ऑसिफिकेशन म्हणतात, फिजिओथेरपीच्या खोलीत 'हाड वाढलंय' एवढंच. मोठं भाजलेल्या रुग्णांमध्येही हे थोड्यांनाच होतं, पण झालं तर बहुतेक वेळा कोपरालाच. फार दिवस अंथरुणाला खिळलेल्या, जखमा उशिरा भरलेल्या, जंतुसंसर्ग झालेल्या माणसांना धोका अधिक.

कातडी जळाली तर हाड कशाला वाढावं?

भाजणं ही एका जागेची जखम राहत नाही. सगळ्या शरीरात दाहाची हाकाटी उठते. मऊ भागांमध्ये काही मूळ पेशी असतात, दुरुस्तीच्या कामाच्या. या गोंधळात त्यांना चुकीचा निरोप पोचतो. त्या आधी कूर्चा, म्हणजे नाका-कानात असतो तसा लवचीक भाग, तयार करतात आणि मग कूर्चेचं हाड. गर्भात हातापायांची हाडं जशी घडतात, तीच रीत. असा निरोप देणारं काहीतरी हाडातच असतं, हे अमेरिकन सर्जन मार्शल युरिस्ट यांनी 1965 मध्ये दाखवलं. खनिज काढून टाकलेल्या हाडाचा तुकडा त्यांनी प्राण्यांच्या स्नायूत बसवला, तर तिथं नवं हाड उगवलं.

(मेडिकलचा काउंटर. गोळ्यांची पाकिटं.)

मग यावर औषध काय? ताईंच्या मुलानं हाच प्रश्न मोबाइलवर विचारला आणि त्याला इंडोमेथासिन हे नाव मिळालं. जुनी, स्वस्त, वेदनाशामक गोळी. खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांना काही आठवडे ती देतात आणि तिथं तिचा उपयोग सिद्ध झालेला आहे. दाह पसरवणारी प्रोस्टाग्लँडिन्स ती कमी करते. पण भाजलेल्या माणसाच्या पोटात एरवीही व्रण होतात. इंग्लिश सर्जन थॉमस कर्लिंग यांनी ते 1842 मध्येच नोंदवलेत. त्यात मूत्रपिंडं आधीच ताणावर. अशात ही गोळी म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. ती आपल्या मनानं आणून खायची नाही, हे त्या पोराला डॉक्टरांनी जरा रागावूनच सांगितलं. बरं केलं.

दुसरं औषध एटिड्रोनेट. ते खनिजाचे स्फटिक बसू देत नाही. पण हाडाचा साचा तयार होणं ते थांबवत नाही, त्यामुळे गोळी बंद झाली की मोकळ्या साच्यात खनिज भरायला लागतं. भाजलेल्या रुग्णांच्या नोंदी मागे जाऊन तपासल्या, तेव्हा त्याचा फायदा दिसला नाही.

तिसरं नाव नवं आहे, पॅलोव्हरोटिन. ते कूर्चेच्या पायरीवरच वाट अडवतं. अमेरिकेत 2023 मध्ये त्याला मंजुरी मिळाली, पण ती एफओपी या, स्नायूंचं हाड होत जाणाऱ्या, अतिदुर्मीळ जन्मजात आजारासाठी, भाजण्यासाठी नाही. वाढत्या मुलांची उंची त्यानं अकाली थांबू शकते. प्रयोगशाळेत भाजलेल्या उंदरांवर रॅपामायसिननंही असं हाड कमी झालं. मात्र ते प्रतिकारशक्ती दाबतं आणि जखम भरणं लांबवतं. उघड्या जखमा घेऊन पडलेल्या माणसाला हे कोण देईल? आणखी एका प्रयोगात उंदरांच्या भाजल्या जागेवर अ‍ॅपिरेज नावाचं विकर (एन्झाइम) लावलं, तेव्हाही हाड कमी धरलं. हे विकर बटाट्यातून काढता येतं. (म्हणून कोणी जखमेवर बटाटा चोळू नये.)

(एक्स-रेची खोली. रिकामं टेबल.)

खरी गोची वेळेची आहे. औषध चालायचं तर हाड धरण्याआधी, पहिल्या काही आठवड्यांत द्यायला हवं. त्या दिवसांत एक्स-रे स्वच्छ असतो. बोन स्कॅन थोडा आधी बोलतो, पण आयसीयूतल्या माणसाला तिथवर हलवायचं कसं? म्हणजे गोळी कुणाला हवी हे कळायच्या आत ती द्यायची, आणि ज्यांना हवी तेच ती सोसायला सगळ्यांत अशक्त. मला विचाराल तर औषध शोधण्याइतकंच अवघड आहे ते योग्य माणूस वेळेत ओळखणं.

तोवर हातात काय आहे? लवकर कातडी लावणं, कोपर रोज हलवणं, तेही रुग्णानं स्वतः, दुखेल तिथं थांबून. ताईंना नातेवाइकांनी हाडवैद्याकडे नेलं होतं. त्यानं हात हिसडून सरळ करायला घेतला. ताई ओरडल्या, ते बरंच झालं.

करंगळी बधिर व्हायला लागली तेव्हा मात्र थांबता येईना. कोपरामागून जाणारी नस वाढलेल्या हाडानं दाबली होती. पूर्वी अशा ऑपरेशनला वर्ष-दीड वर्ष थांबायचे. आता जखमा भरल्या आणि हाड पक्कं दिसलं की बरेच सर्जन त्याआधीही करतात. ताईंचं झालं. हाड काढलं, नस मोकळी केली. पुन्हा धरू नये म्हणून नंतर काही आठवडे इंडोमेथासिन दिलं, सोबत पोटासाठी गोळी. तीच गोळी, पण आता जखमा भरलेल्या आणि डॉक्टरांची नजर आहे.

(फिजिओथेरपीची खोली. कोपराला लावलेला कोनमापक.)

ऑपरेशनआधी हात नव्वद अंशांवर अडत होता. आज सातवा आठवडा, मोजमाप एकशे पंधरा. घास तोंडात जायला साधारण एकशे तीस लागतात, असं फिजिओथेरपिस्ट सांगतात आणि आकडा वहीत लिहितात.

ताई विचारतात, "आणि वेणीला?"