पंप नंतर, आधी पाना

(दृश्य: वडगावातलं एक अंगण. जुनी हॅचबॅक, मागचं डावं चाक काढलेलं.)

पावसाळा संपला की बेळगावात गाड्यांची राहिलेली कामं निघतात, आणि ब्रेकमधली हवा काढायचं काम आपण घरीच करूया की असं म्हणणारे पण बरेच निघतात. म्हणू देत. उद्यमबागेतल्या कारखान्यांत हायड्रॉलिक पंप, व्हॉल्व बनतात, त्या लायनीतला माणूस इथं बहुतेक गल्लीत एखादा असतोच, तेल दाबलं जात नाही पण हवा दाबली जाते हे त्याला वेगळं सांगायला लागत नाही. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पेडल मऊ लागतं, पाय खाली जातो आणि गाडी मात्र पाहिजे तशी थांबत नाही.

(दृश्य: चोर्ला घाटाचा उतार, समोर ट्रक.)

आपल्याकडं ह्याचा जास्त विचार करायला पाहिजे कारण ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि जांबोटी-कणकुंबीकडचा धो-धो पाऊस तुम्हाला माहीतच आहे. नवं डॉट ३ (ब्रेक ऑईलचा एक दर्जा) ऑईल कमीत कमी २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, तेच पाणी शिरलं की ही हद्द १४० वर येते. डॉट ४ चं २३० वरून १५५. आता घाट उतरताना चौथ्या गिअरवर सारखा ब्रेक दाबत आलात तर ब्रेक तापतात, ऑईलमधल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ पण हवेसारखीच दाबली जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑईल बदलायचं. कुठलं घालायचं ते ब्रेक ऑईलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, आणि डबा सीलबंद घ्यायचा, गेल्या वर्षी उघडून माळ्यावर ठेवलेला अर्धा डबा नको.

(दृश्य: गोणपाटावर मांडलेली हत्यारं.)

आता हत्यारं. लोक आधी मोबाईलवर चाकाकडनं ऑईल ओढून घेणारा व्हॅक्यूम पंप बघतात, भारी दिसतो, दाब दाखवणारं घड्याळ असतं त्याला. मी म्हणेन पंप राहू दे, पहिला पैसा पान्यात घाला. हवा सोडायला चाकाच्या ब्रेकवर जो बारका स्क्रू असतो तो ब्लीडर निप्पल, तो ८, १० नाहीतर ११ चा असतो, आतून पोकळ असतो आणि आमच्या पावसात गंजून बसलेला असतो, त्याला फिक्स पाना लावून जोर काढला की कडा गोल होतात आणि मग पकड लावा, छिन्नी लावा, शेवटी निप्पल तुटला की तो ज्यात बसतो ते चाकाजवळचं अख्खं कॅलिपर नाहीतर व्हील सिलिंडर बदला. तर सहा कोनांचा बॉक्स पाना आणायचा, आदल्या रात्री गंज सुटायचं तेल मारून ठेवायचं, पहिला झटका बॉक्स पान्यानं आणि नंतरचं उघड-झाक रिंग पान्यानं. रिंग पाना आधी घालायचा आणि नळी त्याच्यावरून चढवायची, उलटं केलं की परत सगळं काढा.

नळी पारदर्शक पाहिजे, बुडबुडे दिसायला. काही जण सलाईनची नळी लावतात, पण ती निप्पलवर घट्ट बसत नाही, मधेच निसटते आणि ऑईल उडतं. ते रंगावर पडलं तर रंग खातं, लगेच भरपूर पाण्यानं धुवा. नळीचं दुसरं टोक बाटलीत थोडं ऑईल घालून त्यात बुडवून ठेवायचं, म्हणजे हवा परत आत ओढली जात नाही.

आणि स्टँड. जॅकवर गाडी ठेवून चाकाजवळ हात घालायचा नाही, विषय संपला. खानापूरकडं गाडीखाली चिरा लावायची सवय आहे, चिरा घर बांधायला चांगला पण गाडीच्या वजनानं कधी फुटेल नेम नाही. लोखंडी स्टँड घ्या, तांबड्या मातीत ते रुततात म्हणून खाली जाड फळी टाका, आणि मागचं उचललंय तर पुढच्या चाकांना ओटी, म्हणजे गाडी घरंगळू नये म्हणून पाचर, लावा.

व्हॅक्यूम पंप वाईट नाही, एकट्याला करायचं असेल तर उपयोगाचा आहे, फक्त निप्पलच्या आट्यातून पण तो हवा ओढतो, मग नळीत बुडबुडे येतच राहतात आणि माणूस डबाभर ऑईल संपवतो. टाकीवरून दाब देणारा पंप त्याच्यापेक्षा बरा, पण त्याचं झाकण आपल्या गाडीच्या टाकीला बसतंय का हे आधी बघा, आणि दाब १०-१५ पीएसआयच्या वर नको. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तर लावूच नका.

ह्या अंगणात पंप नाही. पुतणी सीटवर पेडल दाबायला, काका चाकाशी निप्पल उघडायला.

"मार पंप... अजून... आता धर!"

"धरलंय काका!"

"सोडू नकोस हं... पाय खाली जाईल, जाऊ दे... झाकलं. सोड आता."

सगळी गंमत ह्या बोलण्यात आहे. निप्पल उघडा असताना पाय उचलला की हवा परत आत, म्हणून "झाकलं" ऐकल्याशिवाय सोडायचं नाही. गाडी जुनी असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, पाय पार तळाला गेला की मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की ऑईल ढकलतो तो) रबर जिथं कधी फिरलं नाही तिथल्या गंजावर घासतं. चार-पाच वेळा झालं की टाकी बघायची, ऑईल खालच्या रेघेच्या खाली गेलं तर वरून हवा शिरू शकते.

सुरुवात बहुतेक मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडं मागचं डावं, पण काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, पुस्तकात बघून घ्या.

(दृश्य: निप्पलवर रबरी टोपी बसते.)

झालं की इंजिन बंद ठेवून पेडल दाबा, कडक लागलं पाहिजे. दाबूनच स्टार्टर मारा, थोडं खाली जाईल, ते बूस्टरमुळं, म्हणजे इंजिन चालू असताना पायाला जोर देणाऱ्या भागामुळं. दाबून धरल्यावर हळूहळू खालीच जात असेल तर निप्पल बघा, गळतंय का. चारही चाकं करून पण मऊच आहे आणि गाडीला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, तर हवा त्या युनिटात अडकलेली असू शकते, ती काढायला बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लागतो. तिथं पाना खाली ठेवायचा आणि गाडी टो करून गॅरेजला न्यायची, चालवत नाही. जुनं ऑईल विषारी असतं, पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलंत तर वर मोठ्या अक्षरात लिहा, पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा, गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका, गॅरेजवाला जुनं तेल गोळा करत असेल तर त्याला विचारून द्या.