चार तारांचा खर्ज

(दृश्य: डेट्रॉइट. रस्त्यालगतचं दुमजली घर. पांढऱ्या भिंती, निळ्या चौकटी.)

2648, वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड. मोटाउन या गाण्यांच्या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ याच घरात होता. साठच्या दशकात जगभर वाजलेली कितीतरी गाणी इथल्या एका लहानशा खोलीत ध्वनिमुद्रित झाली. त्यांतल्या बऱ्याच गाण्यांचा खर्ज एकाच माणसाच्या तर्जनीतून आला. जेम्स जेमर्सन. उजव्या हाताचं ते एकच बोट, आणि 1962 सालचा फेंडर प्रिसिजन बास, म्हणजे खर्जाची चार तारांची इलेक्ट्रिक गिटार. जाड, गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा, ब्रिजवरच्या (घोडीवरच्या) झाकणाखाली फोमचा तुकडा. तार तुटेपर्यंत बदलायची नाही, हा त्यांचा रिवाज.

जुन्या घडणीचा साधा बास घ्यावा की छोट्या कार्यशाळेतला महागडा आधुनिक? नवा बास घ्यायला निघालेल्याने खिशात हात घालण्याआधी हा आवाज ऐकावा.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. गाडीच्या टपावर बांधलेला डबल बास.)

हे वाद्य घडवलं लिओ फेंडर यांनी, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये, 1951 साली. रेडिओ दुरुस्त करता करता वाद्यांकडे वळलेला माणूस. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तोवर खर्जाची सगळी जबाबदारी डबल बासवर, म्हणजे उभं धरून वाजवायच्या अवाढव्य व्हायोलिनसारख्या वाद्यावर, होती. वाद्य माणसाहून उंच, आणि ड्रम-ट्रम्पेटच्या गलबल्यात ऐकूही यायचं नाही. त्याला पडदे नसतात, सूर कानाने शोधायचा. फेंडर यांनी गळ्यात अडकवता येईल असा बास केला आणि त्यावर पडदे बसवले. बोट पडद्यामागे पडलं की सूर नेमका. म्हणूनच नाव 'प्रिसिजन'. 1957 मध्ये त्याच्या पिकअपचे (तारांची कंपनं टिपणाऱ्या चुंबकी भागाचे) दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उलटसुलट जोडणीने मागची गुणगुण गेली. 1960 मध्ये आला जॅझ बास: दोन पिकअप, अरुंद नेक (मान). आज 'विंटेज-स्टाइल' म्हणून जे नवं वाद्य मिळतं, ते बहुतेक वेळा या दोघांपैकी एकाचं रूप असतं. चार तारा, कंपणाऱ्या तारेची लांबी 34 इंच, 20 पडदे, बॅटरी नाही.

(दृश्य: ब्रुकलिन. रंधा, भुसा, अर्धवट घडलेल्या नेक.)

1983 मध्ये जेमर्सन गेले. त्याच्या थोडेच दिवस आधी त्यांचा तो बास चोरीला गेला होता. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये फोडेरा ही बास घडवणारी छोटी कार्यशाळा सुरू झाली.

अशा छोट्या कार्यशाळेत घडलेल्या, म्हणजे बुटीक, बासची गोष्ट मात्र त्याआधीची. 1969 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात अलेम्बिक उभी राहिली. वाद्याच्या पोटातच अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारं, सर्किट बसवणं ही तिची ओळख. बासवादक स्टॅन्ली क्लार्क यांच्या हाती अलेम्बिक आला आणि मागे उभा राहणारा बासवादक मंचाच्या पुढे आला. दुसरे बासवादक अँथनी जॅक्सन यांना चार तारा अपुऱ्या वाटत होत्या. 1975 मध्ये वाद्य घडवणाऱ्या कार्ल टॉम्प्सन यांनी त्यांना सहा तारांचा बास करून दिला. पुढे फोडेराने तीच वाट जॅक्सन यांच्यासाठी वर्षानुवर्षं घासूनपुसून नीट केली.

खालची तार वाढवणं सोपं नसतं. चार तारांच्या बासवरची ई तार सेकंदाला साधारण 41 वेळा कंपते, तिच्याखालची बी जेमतेम 31 वेळा. इतक्या जाड तारेला ताण हवा आणि ताणासाठी लांबी हवी. 34 इंचांवर ती बऱ्याचदा सैल, गढूळ लागते. कुणी लांबी 35 इंच करतं. कॅनडातल्या डिंगवॉलने पडदेच पंख्यासारखे तिरपे पसरले: खालची तार 37 इंच, सर्वांत वरची 34. तंबोरा जुळवणाऱ्याला यातली अडचण लगेच कळेल.

(दृश्य: वाद्यांचं दुकान. एक मुलगी बास लावून पाहते आहे.)

मग घ्यायचा कोणता? दुकानात एकट्याने वाजवलात तर बुटीक बास जवळजवळ दरवेळी जिंकतो. खालून घुमतो, वरून चकाकतो, प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. त्याच्याशेजारी प्रिसिजन जरा बोथट वाटतो. पण बँड सुरू झाला की वरची जागा झांजा आणि गिटार घेतात, तळाशी किक ड्रम बसतो. उरतो मधला पट्टा, आणि प्रिसिजनचं सगळं बळ तिथेच आहे. डग्गा एकटा वाजवून कुणी तबल्याची जोडी पारखत नाही. बासचंही तसंच.

माझं मत स्पष्ट आहे. ऑर्केस्ट्रात, सुगम संगीतात, रॉक बँडमध्ये गायकाच्या मागे उभं राहायचं असेल, तर पहिला बास चार तारांचा, पॅसिव्ह (बिनबॅटरीचा) घ्यावा. सिंथच्या खोल खर्जावर बेतलेली गाणी वाजवायची असतील, किंवा बासवर कॉर्ड आणि सोलो हेच तुमचं काम असेल, तर पाच-सहा तारांच्या आधुनिक वाद्यावर केलेला खर्च सार्थकी लागतो.

(दृश्य: पागोळ्या. खिडकीत टेकवलेला बास.)

आपल्याकडे पावसाचाही विचार करावा लागतो. जून-जुलैत लाकूड ओल धरतं, नेक हलते, तारांची उंची बदलते आणि नेकच्या आतली तिचा बाक सांभाळणारी सळी, ट्रस रॉड, फिरवावी लागते. हुबेहूब जुन्या घडणीच्या बासमध्ये तिचं टोक नेकच्या बुडाशी दडलेलं असतं. तारा सैल करा, चार स्क्रू काढा, नेक उतरवा. बऱ्याच आधुनिक बासवर हेच काम बाहेरच्या चाकाने मिनिटभरात होतं. मुंबईत, कोकणात वाजवणाऱ्याने हे आधी पाहून घ्यावं. जाता जाता सांगतो, दोन्ही तऱ्हांच्या फिंगरबोर्डवर अनेकदा दिसणारं ते गडद भारतीय रोझवुड म्हणजे आपली शिसव, जुन्या वाड्यांतल्या शिसवी पलंगांची.

अ‍ॅक्टिव्ह बासची 9 व्होल्टची बॅटरीही लक्षात असू द्या. एका गणेशोत्सवात दुसऱ्याच गाण्याला माझा आवाज आधी चिरका झाला, मग गेला. तालमीनंतर आठवडाभर केबल जॅकमध्येच राहिली होती, आणि केबल आत असेपर्यंत सर्किट चालूच राहतं.

मधली वाटही आहे. बासवादक मार्कस मिलर यांनी आपला 1977 चा जॅझ बास टाकून दिला नाही. वाद्य घडवणाऱ्या रॉजर सॅडोव्स्की यांच्याकडून त्यात प्रीअ‍ॅम्प, म्हणजे तसंच अ‍ॅक्टिव्ह सर्किट, बसवून घेतला. जुनं लाकूड, नवं सर्किट.

(दृश्य: तालमीची खोली. स्टँडवर दोन बास.)

जमलं तर दोन्ही बास इथे आणा. तेच गाणं, तोच ड्रमर, तोच अ‍ॅम्प. रेकॉर्डर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. दोन्ही टेक दुसऱ्या दिवशी हेडफोनवर ऐका, आणि ऐकताना लक्ष बासवर ठेवू नका. गायक कोणत्या टेकमध्ये मोकळा गातो आहे, तेवढंच ऐका.

(ड्रमर काठ्या उचलतो. एक, दोन, तीन, चार.)