साहेब आपला की भायलो, म्हणजे बाहेरचा?

(दृश्य: पणजी, जुन्या सचिवालयाच्या खिडक्या, समोर मांडवी)

हा आदिलशहाचा वाडा. पोर्तुगिजांचा कारभार इथून चालायचा. १९ डिसेंबर १९६१ ला झेंडा उतरला. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा युद्धकैदी झाले आणि पुढच्या वर्षी पोर्तुगालला परतले. पोर्तुगीज कागदांनी गच्च भरलेली कपाटं मात्र जागची हलली नाहीत.

रिकाम्या खुर्च्यांवर बसायला इतर राज्यांतून अधिकारी प्रतिनियुक्तीवर आले. गोव्यात त्यांना एकच नाव पडलं, डेप्युटेशनवाले.

साहेबांच्या टेबलावर जमिनीची फाईल येते. साहेबांना इंग्रजी येतं, मराठी येतं, फाईल पोर्तुगीज. मग जुन्या कारकुनाला हाक जाते. तो चष्मा पुसतो, ओळीवर बोट ठेवून वाचतो, अर्थ सांगतो. सही साहेबांची. या कारकुनासारख्या, जुन्या राजवटीतून सामावून घेतलेल्यांच्या सेवाशर्तींचा कायदा संसदेत व्हायला १९६५ उजाडलं.

२० डिसेंबर १९६३ ला भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्रातून आलेल्या अधिकाऱ्यांवरून मग गावोगाव बोललं जाऊ लागलं. मराठी घरांत तर मोठीच पंचाईत. साहेब आपल्या भाषेत बोलतो, चवथीला हक्कानं जेवायला बोलवावं असा. पण त्याच्या खुर्चीकडे आपला मॅट्रिक झालेला मुलगा बघत असतो. भाषा एक म्हणून माणूस आपला होतो का?

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं. कारणं बरीच होती. नोकऱ्यांची धास्ती त्यातलं एक, आणि माझ्या मते ती आपण उगाच कमी लेखतो.

आणि नियतीचा खोडसाळपणा बघा. भाऊसाहेबांच्या शपथविधीआधी आठच दिवस, १२ डिसेंबरला, केनिया स्वतंत्र झाला. नैरोबीच्या सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करत आलेले गोंयकार तिथे भायले ठरले. त्यांच्या खुर्च्यांवर आता आफ्रिकी तरुण बसणार होते.

(दृश्य: मामलेदार कचेरी, रांग)

आज सरकारी जाहिरात निघाली की इथे रांग लागते, १५ वर्षांच्या रहिवासाच्या दाखल्यासाठी. जाहिरातीत म्हटलेलं असतं, कोकणी आवश्यक, मराठी येत असल्यास बरं. मुख्य सचिव मात्र अरुणाचल, गोवा, मिझोराम आणि दिल्लीसारखे केंद्रशासित प्रदेश यांच्या सामाईक केडरमधून, म्हणजे अधिकाऱ्यांच्या एकाच गटातून येतो. बदलीचा आदेश आला की बॅग भरतो.