नेट कुठे अडतं?

(नवी पेठ, सकाळ. अभ्यासिकेचा जिना, दाराबाहेर चपलांचा खच.)

स्पर्धा परीक्षांची ही मुलं पहाटेच जागा धरून बसतात. कोपऱ्यातले कॉम्प्युटर देणगीतून आलेले, जुनेच, पण डेबियन या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमवर ठणठणीत चालणारे. लायसनचा एक रुपया नाही.

(ब्राउझर. कोरं पान, फिरणारं चक्र.)

तक्रार एकच : ‘नेट स्लो आहे.’ केबलवाल्याने मोठा प्लॅन सुचवला, दुकानदाराने नव्या मशिनांचं कोटेशनच हातात ठेवलं. कीबोर्डला मात्र दोघांनीही हात लावला नव्हता.

(टर्मिनल, जवळून.)

सवड मिळेल तशी इथली मशिनं बघणारी ही ताई. तिने आधी ८.८.८.८ या आकडी पत्त्यावरच्या गूगलच्या सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारलं. उत्तर लगेच. आता एका साइटचं नाव टाइप करतेय. कर्सरकडे बघत राहा... पाच सेकंद. मग सगळं सुरळीत. म्हणजे लाइन धडधाकट आहे. वेळ जातोय तो नावावरून असा आकडी पत्ता शोधण्यात, डीएनएसमध्ये.

डीएनएस पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलं. त्याआधी अख्ख्या नेटवर्कची नावं होस्ट्स डॉट टीएक्सटी या एकाच फाइलमध्ये असायची, आणि ज्याने त्याने ती उतरवून घ्यायची. तिची वारस, ईटीसी फोल्डरमधली होस्ट्स फाइल, आजही डेबियनसारख्या युनिक्स घराण्यातल्या मशिनवर सापडते. बहुतेक ठिकाणी आधी तिच्यात बघितलं जातं, मग डीएनएसकडे. डीएनएससाठी कोणाला, म्हणजे कोणत्या नेमसर्व्हरला विचारायचं, ते रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलमध्ये लिहिलेलं असतं.

(रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ. नेमसर्व्हरच्या दोन ओळी.)

ताई डिग या डीएनएसला थेट प्रश्न विचारणाऱ्या कमांडने दोन्ही नेमसर्व्हरना वेगवेगळं विचारते. दुसरा काही मिलिसेकंदांत बोलतो. पहिला गप्प. तो जुन्या कनेक्शनचा, लाइन बदलली तेव्हाच निकामी झालेला.

(टीसीपीडम्प, पोर्ट ५३.)

टीसीपीडम्प नेटवर्कवरची ये-जा दाखवतं, आणि पोर्ट ५३ हे डीएनएसचं दार. हे नीट बघण्यासारखं आहे. प्रश्न पहिल्याकडे गेला. शांतता. पाच सेकंदांनी तोच प्रश्न दुसऱ्याकडे, आणि उत्तर हजर! हे पाच सेकंद मॅन पेजमध्ये, म्हणजे सिस्टिमच्याच माहितीपानात दिलेत : टाइमआउट पाच. आणि पहिला मेलाय, हे जीलिबसी, म्हणजे प्रोग्रॅमच्या वतीने नावं विचारणारी सिस्टिमची लायब्ररी, लक्षात ठेवत नाही. पुढचं नाव आलं की पुन्हा त्याच्याच दारात उभी. बातम्यांच्या एका पानाला चित्रं, फॉन्ट, जाहिराती धरून दहा-बारा नावं सहज लागतात. करा हिशोब.

(एलएसएटीटीआर. ओळीत एकच ‘आय’.)

पण नवा राउटर ‘नावं मला विचारा’ म्हणून आपला पत्ता देत होता, मग फाइल बदलली का नाही? एलएसएटीटीआर ही कमांड फाइलवरच्या खुणा दाखवते. त्यातला हा ‘आय’ बघा. कुणीतरी, कधीतरी, चॅटर प्लस आय ही कमांड देऊन फाइलला कुलूप घातलंय. ते असेपर्यंत रूटलाही, म्हणजे मशिनवर सगळे अधिकार असलेल्यालाही, तिच्यात लिहिता येत नाही.

ताई चॅटर मायनस आय करून कुलूप काढते, नेटची जोडणी सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर पुन्हा सुरू करते. राउटरचा पत्ता फाइलमध्ये आपसूक येऊन बसतो. सगळं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उघडं होतं, म्हणून दिसलं. बंद डब्यातली सिस्टिम असती तर एव्हाना कोटेशनवर सही झाली असती, असं आम्ही म्हणणारच.

(ब्राउझर. पान झटक्यात उघडतं. मुलांचे चेहरे.)

मधल्या काळात काहींनी परीक्षेचे अर्ज सायबर कॅफेत पैसे मोजून भरले. बाकीची मशिनं याच इमेजवरून, म्हणजे एकाच तयार नकलेवरून बसवलेली, त्यामुळे तेच कुलूप, तीच कमांड. ताईने ती एसएसएचवरून, म्हणजे जागेवरूनच दुसऱ्या मशिनांत शिरून, सगळीकडे एकदमच चालवली.