जुन्या गाडीचं न जाणारं मिसिंग

नमस्कार मंडळी. प्लग बदलले, वायरी बदलल्या, कॉइल नवी टाकली, इंजेक्टर साफ करून घेतले, तरी गाडी मिसिंग मारतेच, म्हणजे एखादा सिलिंडर पेटायचा चुकतो आणि इंजिन झटके खातं, ही तक्रार तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली असणार. असं मिसिंग महिनोन् महिने टिकतं, कारण काहीही न मोजता पार्ट बदलत राहतात. सिलिंडर पेटायला तीन गोष्टी लागतात : योग्य क्षणी ठिणगी, योग्य प्रमाणात हवा-इंधन आणि पुरेसं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने मिश्रणावर दिलेला दाब. यांतली नेमकी कोणती गोष्ट कमी पडते आहे हे ठरेपर्यंत दुकानात जाऊ नका, एवढाच माझा आग्रह आहे. आज बोलायचं आहे ते साधारण २००० ते २०१२ या काळातल्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाड्यांबद्दल. आपल्याकडे यांतल्या बऱ्याच गाड्यांना पुढे सीएनजी किटही बसलेलं असतं.

बॉनेट उघडण्याआधी गाडीवाल्याला चार प्रश्न विचारा. मिसिंग थंड इंजिनवर आहे की गरम झाल्यावर? स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, आहे की चढावर, लोड आल्यावर? पावसात वाढतं का? पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर आहे का? उत्तरांनी निम्मा शोध संपतो. लोडवर किंवा फक्त सीएनजीवर झटके बसत असतील तर आधी ठिणगीकडे वळा. सीएनजीचं मिश्रण पेटवायला प्लगला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे कमकुवत कॉइल किंवा झिजलेला प्लग तिथे आधी उघडा पडतो. उलट गरम झाल्यावर फक्त स्लोवर मिसिंग आणि ॲक्सिलरेटर दिला की इंजिन सुरळीत, असं असेल तर व्हॉल्व्हचा संशय घ्या. त्याकडे नंतर सविस्तर येतो.

आता सायलेन्सरच्या तोंडापासून थोड्या अंतरावर हात धरा. ठरावीक तालात एकच ठोका चुकत असेल तर दोष एका सिलिंडरचा. चूक बेताल असेल तर पेट्रोलचा दाब, हवेची गळती, टायमिंग अशी सर्वांना सामाईक असलेली कारणं पाहायची. स्कॅनर असेल तर जरूर लावा. पी-०३०१ ते पी-०३०४ हे कोड सिलिंडरचा नंबर सांगतात आणि पी-०३०० म्हणजे चूक एका जागी ठरत नाही. पण आपल्याकडे ओबीडी-२, म्हणजे गाडीनेच दोष ओळखून कोड देण्याचं तंत्र, सक्तीचं झालं ते एप्रिल २०१३ मध्ये. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांमध्ये मिसफायर ओळखण्याची सोयच नसते. तिथे हातानेच काम करावं लागतं, आणि ते अवघड नाही.

इंजिन गरम करा, आरपीएम १२०० ते १५०० वर स्थिर धरा आणि एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढून पाहा. चांगला सिलिंडर बंद केला की इंजिन लगेच अडखळतं. ज्याचं कनेक्टर काढून काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. स्लोवरच ही चाचणी घेतली तर आयडल व्हॉल्व्ह हवा वाढवून पडलेले आरपीएम भरून काढतो आणि आपली फसगत होते, म्हणून आरपीएम थोडे वर ठेवायचे. प्लगची वायर ओढून सिलिंडर बंद करायची जुनी सवय मात्र इंजेक्शनच्या गाडीवर सोडून द्या. मोकळी वायर कॉइलवर ताण आणते, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात, जाऊन तिथे पेटतं. कार्बोरेटरच्या गाडीवर वायर काढावीच लागली तर तिचं टोक आधी इंजिनच्या धातूला नीट टेकवून अर्थिंग करा. आणि मिसिंग चालू असताना चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तशीच पिटाळू नका. कन्व्हर्टर धोक्यात आहे, असा त्याचा अर्थ असतो.

सिलिंडर सापडला की त्याचा प्लग काढून बाकीच्या तिघांशेजारी ठेवा. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे इंधन येतं आहे, पेटत नाही. कोरडा पांढरा म्हणजे मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी), किंवा इंजेक्टर कमी देतो आहे. तेलकट काळा म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. बाहेरच्या चिनीमातीवर पेन्सिलीसारखी काळी रेघ असेल तर ठिणगी प्लगच्या टोकाकडे न जाता बाहेरूनच हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या धातूच्या झाकणात, उतरते आहे. असा प्लग पुसून परत लावू नका. त्याच्या बुटातही, म्हणजे प्लगवर बसणाऱ्या रबरी टोपीतही, तशीच रेघ उमटलेली असते, म्हणून प्लग आणि बूट जोडीनेच बदला. १६ व्हॉल्व्हच्या इंजिनात प्लगच्या विहिरीत तेल साठलं असेल तर टॅपेट कव्हरचं सील बदलल्याशिवाय नवी वायरही टिकणार नाही.

ठिणगीबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. प्लग काढून हेडवर टेकवायचा, सेल्फ मारायचा आणि ठिणगी दिसली की "करंट बरोबर आहे" म्हणायचं. उघड्या हवेत मिलिमीटरभर फटीला साधारण ३,००० व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये दाबाखाली त्याच फटीला त्याच्या कितीतरी पट लागतात. म्हणून फट कमी-जास्त करता येणारा स्पार्क टेस्टर वापरा. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या कॉइलने उघड्या हवेत १० मिलिमीटर तरी सहज उडी मारली पाहिजे, तीही निळसर आणि कडक आवाजाची.

या काळातल्या अनेक गाड्यांमध्ये, उदाहरणार्थ सँट्रोमध्ये, दोन सिलिंडरांना मिळून एक कॉइल असते. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असल्याने १ आणि ४ एकत्र वर येतात, २ आणि ३ एकत्र. ठिणगी एका प्लगमधून हेडमध्ये उतरते आणि हेडमधून दुसऱ्या प्लगवाटे कॉइलकडे परत जाते. म्हणजे दोन्ही प्लग एकाच साखळीत आहेत. हे ध्यानात आलं की निदान फार सोपं होतं. जोडीतले दोन्ही सिलिंडर मिसिंग मारत असतील तर कॉइल, तिचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हर, किंवा दोहोंपैकी एक आतून तुटलेली वायर. एक वायर तुटली की तिच्या जोडीदाराचीही ठिणगी मरू शकते. एकच सिलिंडर मेला असेल तर कॉइलवर लगेच खापर फोडू नका. काजळीने शॉर्ट झालेला प्लग फक्त स्वतःची ठिणगी गमावतो, जोडीदार ठणठणीत चालतो. अपवाद एक : कॉइलच्या एखाद्या टोकाला तडा गेला असेल तर तेवढं एकच टोक गळतं. ते पाहायला रात्री, अंधारात, इंजिन चालू ठेवून कॉइल आणि वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा. कोकणातल्या पावसाळ्यात जी गाडी सकाळी रडते, तिच्यातली निळी ठिणगी अशी नेमकी दिसते.

वायर मीटरने मोजा. कार्बन कोअरच्या वायरीला मीटरमागे साधारण १० ते २० किलोओहम असतात. एखाद्याच वायरीचा आकडा इतरांपेक्षा फार वेगळा असेल, किंवा वायर हलवताना आकडा उड्या मारत असेल, तर ती बाद. कॉइलची प्रायमरी साधारण अर्धा ते दीड ओहम येते. पण थंड कॉइल मीटरवर बरोबर दाखवून गरम झाल्यावर दगा देते, म्हणून हेअर ड्रायरने तापवून पुन्हा मोजा. प्लगची फट मॅन्युअलप्रमाणेच ठेवा. पॉइंटच्या (यांत्रिक स्विचने ठिणगी देणाऱ्या) जुन्या गाड्यांना ०.७ ते ०.८ मिलिमीटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनला बहुधा १.० ते १.१ असते.

शंका उरली तर अदलाबदल करा, पण एका वेळी एकच वस्तू. दुसऱ्या सिलिंडरचा प्लग तिसऱ्यात टाका, इंजिन चालवा, चाचणी घ्या, कागदावर लिहा. दोष वस्तूबरोबर सरकला तर वस्तू खराब. जागचा हलला नाही तर पुढे वायर, मग इंजेक्टर. प्लग, वायर आणि इंजेक्टर एकदम हलवले की काहीच कळत नाही.

इंजेक्टरची वाइंडिंग बहुतेक गाड्यांत १२ ते १६ ओहमची असते, चौघांचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून टिकटिक ऐका. टिकटिक येते म्हणजे सुई हलते, पेट्रोल पुरेसं येतं याची ती खात्री नव्हे. ते इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर मोजूनच कळतं. इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटजवळची हवेची गळती फक्त त्या सिलिंडरचं मिश्रण पातळ करते आणि स्लोवर जास्त जाणवते. मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज लावलं तर समुद्रसपाटीला निरोगी इंजिन स्लोवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं. दर हजार फूट उंचीला साधारण एक इंच वजा करायचा. पुण्यात दोन इंच, महाबळेश्वरला चारहून अधिक कमी दिसलं तर दचकू नका. काटा ठरावीक तालात खाली झटका देत असेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. पेट्रोलबद्दलही एक सांगतो : मिश्रण स्वतः दुरुस्त करणारा फीडबॅक नसलेल्या कार्बोरेटरच्या गाडीत २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने मिश्रण आपोआप पातळ होतं, आणि टाकीत पाणी शिरलं तर इथेनॉल त्याच्याबरोबर तळाशी बसतं.

आता कॉम्प्रेशन. ही चाचणी लोक शेवटी ठेवतात. माझ्या मते मेलेला सिलिंडर सापडला की नवा पार्ट घेण्याआधीच ती करावी, कारण गेज स्वस्त आहे आणि वेळ अर्ध्या तासाचा. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, चारही प्लग बाहेर, कॉइल आणि फ्युएल पंप बंद, ॲक्सिलरेटर तळाला दाबलेला. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे द्या. आकडा किती यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा, दहा टक्क्यांच्या वर गेला की शोध घ्यायचा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगा. हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट. चौघेही सारखेच कमी असतील तर टायमिंग बेल्टचा दात सरकला आहे का ते पाहा. मग खात्रीसाठी तो पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. हवा सोडल्यावर क्रँक फिरू शकते, हात बेल्टपासून लांब ठेवा.

सीएनजीवरच्या जुन्या गाड्यांचं बहुतेक दुखणं इथेच निघतं. वायुरूप इंधनात द्रव पेट्रोलचा थंडावा आणि पातळ थर मिळत नाही. त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट कमी होत जाते. टॅपेट सैल झाला तर आवाज करतो, आवळला गेला तर गप्प बसतो, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही. इंजिन गरम झालं की व्हॉल्व्हची दांडी लांबते, फट शून्यावर येते, आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. स्लोवर गळायला भरपूर वेळ मिळतो म्हणून मिसिंग. आरपीएम वाढले की तो वेळ उरत नाही, इंजिन सुधारल्यासारखं वाटतं. या टप्प्यावर फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि पाना घेऊन तासाभरात काम होतं. तसंच रेटलं तर व्हॉल्व्हची कड जळते, मग हेड उतरवणं, सीट बदलणं, ग्राइंडिंग, सगळं आलं. म्हणून स्क्रूचे टॅपेट असलेली सीएनजी गाडी दर २०,००० किलोमीटरला तपासावी असं मी ठामपणे सांगतो. हायड्रॉलिक टॅपेट हा दोष काही काळ स्वतः भरून काढतात, त्यांची हालचाल संपली की तो एकदम समोर येतो.

दुरुस्तीनंतर डिपस्टिकचा वास घ्या. मेलेल्या सिलिंडरमधलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरलेलं असतं. वास आला तर ऑइल आणि फिल्टर बदला, नाहीतर बेअरिंगा जातील. मग इंजिन पूर्ण गरम करून, एसी लावून पाच मिनिटं स्लोवर ठेवा आणि तिसऱ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, एक लांब चढ चढवून बघा, आधी पेट्रोलवर आणि मग सीएनजीवर.